मौजे मिडगार्ड

मागच्या दिवाळीत नगरच्या घराचा माळा आवरला. (हो, आता अहिल्यानगर. २०२४ साली नाव बदललं. पण ह्या लेखातला काळ जुना आहे, म्हणून नगरच म्हणतो.) पितळी डबे, माझी आठवीची ड्रॉइंगची वही, ताईचं अर्धवट भरतकाम, आणि ह्या सगळ्याच्या खाली सुतळीने बांधलेली कागदाची एक मोठी गुंडाळी. बाबांचा एखादा जुना मोजणी नकाशा असेल असं वाटलं. उघडला तर वर बाबांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं, 'मौजे मिडगार्ड'.

ताईने वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कुठल्या तालुक्यात आलं रे?"

तर ही त्या गावाची हकिगत. आमच्या नातेवाईकांपैकी बहुतेकांना ह्यातलं फक्त 'टेलिफोनच्या बिलाचं प्रकरण' ठाऊक आहे आणि तेही दरवेळी आकडा वाढवून सांगितलं जातं. त्यांनी हे जरूर वाचावं. कंप्यूटरवाल्या मित्रमंडळींनी मधला तांत्रिक भाग सोडून दिला तरी चालेल.

मिडगार्ड हे एका गेममधलं शहर. पण गेम म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तसलं त्यात काहीच नव्हतं. चित्र नाही, आवाज नाही, माउसचा उपयोग नाही. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं. तुम्ही कुठे उभे आहात त्याचं तीन-चार ओळींचं वर्णन, मग तिथे कोण कोण आहे, काय काय पडलंय आणि कुठल्या दिशांना वाट आहे. तुम्ही एन टाईप करायचं, की उत्तरेला गेलात. मारायचं असेल तर किल, बोलायचं असेल तर से. त्याच वेळी त्याच शहरात अमेरिका, स्वीडन, सिंगापूर असं कुठकुठचं पन्नासेक पब्लिक हिंडत असायचं आणि ते तुम्हाला दिसायचं, म्हणजे वाचता यायचं. ह्या प्रकाराला म्हणतात मड. मल्टी-यूजर डन्जन ह्याची आद्याक्षरं. आईने हा शब्द एकदा ऐकला आणि म्हणाली, "दिवेलागणीला मडं मडं काय लावलंय?" गंमत म्हणजे ती फार चुकली नव्हती. ह्या गेममध्ये कोणी मेलं की मडं खरंच रस्त्यात पडून राहतं, त्याच्या अंगावरच्या वस्तू त्यातच राहतात, आणि वेळेत जाऊन आणल्या नाहीत तर गेल्या. शहरातली भटकी कुत्री ती मडी खायची. नगरच्या माणसाला ह्यात परकं वाटण्यासारखं काही नव्हतं.

मुळापासून सांगायचं तर अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह ह्या गुहेपर्यंत मागे जावं लागतं. विल क्राउदर नावाचा एक प्रोग्रॅमर होता. इंटरनेटची आजी म्हणता येईल अशा आर्पानेटवर काम करणारा. तो आणि त्याची बायको पॅट्रिशिया दोघंही गुहा धुंडाळणारे. गुहेत उतरून मापं घ्यायची, घरी येऊन ती कंप्यूटरमध्ये भरायची आणि नकाशे काढायचे हा त्यांचा उद्योग. १९७२ मध्ये ज्या तुकडीने शेजारची फ्लिंट रिज गुहा आतून मॅमथ केव्हला जोडलेली आहे हे शोधून काढलं, त्यात पॅट्रिशिया होती. पुढे दोघं वेगळे झाले. मुलींशी जोडलेलं राहावं, त्या आल्या की त्यांना गंमत वाटावी म्हणून क्राउदरने १९७५-७६ च्या सुमारास त्या गुहेचाच एक गेम लिहिला. पडद्यावर वर्णन, आणि आपण इंग्रजीत दोन शब्दांत सांगायचं काय करायचं ते. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने तो वाढवला, खजिने आणि चमत्कार घातले आणि तो 'अ‍ॅडव्हेंचर' ह्या नावाने मशीनमागून मशीन पसरला. गेम खेळून झालेली एक व्यक्ती पुढे खऱ्या गुहेत उतरली आणि तिला वाटा ओळखू आल्या, असा किस्सा सांगतात. मला तो पटतो, कारण ते वर्णन मोजणी करणाऱ्या माणसाने लिहिलेलं होतं.

मोजणीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'अ‍ॅडव्हेंचर' एकट्याने खेळायचा. १९७८ च्या शरदात इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने ठरवलं की असं जग करायचं, ज्यात एकाच वेळी अनेक जण असतील. १९८० मध्ये तो बाहेर पडताना ते काम त्याने मित्राच्या, रिचर्ड बार्टलच्या हाती दिलं. मशीन विद्यापीठाचं, डेकचं पीडीपी-१०, एका खोलीएवढं. दिवसा त्यावर कामाची माणसं, म्हणून बाहेरच्या लोकांना मॉडेमवरून खेळायची मुभा रात्रीची, विद्यापीठ झोपल्यावर. बार्टलने पुढे अनेकदा सांगितलंय की इंग्लंडमध्ये माणूस तोंड उघडतो आणि त्याच्या उच्चारावरून त्याची पायरी ठरते, ह्याचा दोघांना संताप होता. आपल्या जगात माणूस जे करेल त्यावरून ओळखला जावा, कुणाच्या पोटी आला त्यावरून नाही, असं त्यांना हवं होतं.

ते वाक्य मी फार उशिरा वाचलं. पण मला मड का आवडलं होतं ते तेव्हा कळलं. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला "आडनाव काय?" येतं आणि चौथ्याला "गाव कोणतं?" मडमध्ये मी दीड वर्षं नुसता एक नाव होतो. लेव्हल नऊचा योद्धा, बस्स.

एसेक्सनंतरचं भराभर सांगतो. १९८७ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथला अ‍ॅलन कॉक्सने अ‍ॅबरमड लिहिलं (हाच पुढे लिनक्सच्या कामामुळे प्रसिद्ध झाला). १९८९ मध्ये स्वीडनच्या लार्स पेन्श्योने एलपीमड आणि अमेरिकेत जिम अ‍ॅस्पनेसने टायनीमड. मग कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातली पाच पोरं. त्यांनी १९९१ मध्ये डिकूमड बाहेर काढलं आणि फुकट वाटलं. अट एवढीच की पैसे मिळवू नका आणि आमची नावं काढून टाकू नका. त्या पुडक्यात एक तयार शहर होतं, मिडगार्ड. मंदिर, मंदिरापुढचा चौक, त्याच्या दक्षिणेला बाजारचौक, बेकरी, आणखी दक्षिणेला गेलं की गावाचा उकिरडा आणि नदी. ज्या कुणाला मड सुरू करायचं असेल तो हे पुडकं उचलायचा, वर थोडी रंगरंगोटी करायचा आणि दुकान उघडायचा. त्यामुळे जगभर शेकड्यांनी मिडगार्ड झाली. त्यातल्या एका अमेरिकन विद्यापीठाच्या मशीनवरच्या मिडगार्डात मी राहायला गेलो.

आता नगरचं. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. चित्रंबित्रं दिसणारं खातं घरगुती माणसाला वर्षाला १५,००० रुपयांना. बाबांचा तेव्हाचा महिन्याचा पगारही तेवढा नव्हता. पण विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांत एक 'शेल' खातं मिळायचं, नुसत्या अक्षरांचं. लोकांना ते गरिबाचं इंटरनेट वाटायचं. मडला दुसरं काही लागतच नाही! जगातल्या श्रीमंतातल्या श्रीमंत माणसालाही मिडगार्ड मला दिसायचं तसंच दिसायचं.

खातं होतं माझ्या पुण्याच्या मामेभावाचं. (दादा, आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, पासवर्ड मी तुझ्या वहीत बघितला होता.) आमच्याकडे सेकंडहँड ४८६ आणि एक मॉडेम. अडचण एकच. नंबर पुण्याचा. तेव्हा पुण्याचा कोड ०२१२ होता आणि प्रत्येक मिनिट एस.टी.डी. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून मी अकराला पाच कमी असताना मॉडेमवर उशी दाबून बसायचो, त्याची ती किंचाळी बाहेरच्या खोलीत जाऊ नये म्हणून. रोज एक तास ठरवायचो. एक तास कधीच झाला नाही.

१९९८ च्या पावसाळ्यात दोन महिन्यांचं बिल आलं, सहा हजार आणि वर काही. बाबा वर्षापूर्वी भूमी अभिलेखमधून निवृत्त झाले होते. भूकरमापक. पारनेर, पाथर्डी, शेवगाव, सगळ्या तालुक्यांत उन्हातान्हात बांध मोजत त्यांची उमर गेली. ते ओरडतील अशी माझी खात्री होती. त्यांनी बिल दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "ह्या पैशात आपण घेतलं काय, ते तरी दाखव."

त्या रात्री अकरा वाजता ते माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. हाताशी वीरकरांची डिक्शनरी. मी जोडून दिलं. मंदिराचं वर्णन आलं, खाली बाहेर पडायच्या दिशा आल्या. बाबांनी सावकाश वाचलं आणि म्हणाले, "ही तर चतुःसीमा आहे."

खरेदीखत वाचलेल्यांना कळेल. पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस ओढा, उत्तरेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमुकचा बांध. चित्र नसतं, पण चारी बाजू सांगितल्या की जमीन उभी राहते. बाबांनी आयुष्यभर अशा चार ओळींवरून शिवारं उभी केली होती. मला मडमध्ये शिरायला दोन महिने लागले होते, ते दहा मिनिटांत आत होते. अर्थात त्यांना राक्षस मारण्यात काडीचा रस नव्हता. "पुढे चल. दक्षिणेला काय आहे? हा पूल कुठं जातो?" एवढंच. (बार्टलने १९९६ मध्ये एक निबंध लिहिला, त्यात मड खेळणाऱ्यांच्या चार जाती पाडल्या: पराक्रम करणारे, हिंडून शोधणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला मारून आनंद घेणारे. बाबा दुसऱ्या जातीचे, शंभर टक्के.) आठवड्यातून एक रात्र, एक तास, घड्याळ लावून, असं ठरलं आणि ते पाळलं गेलं. बिल आटोक्यात आलं ते त्यामुळे.

तिसऱ्या का चौथ्या बैठकीला त्यांनी जुन्या मोजणीच्या कागदाची पाठ पसरली आणि नकाशा सुरू केला. शहर सुरेख बसलं. उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असं फिरलं की निघालो तिथे परत. चौकटीला चौकट लागत होती. पश्चिमेला जंगल होतं, तेही बरंचसं बसलं. मग त्याच्या पलीकडच्या भुलभुलैयात शिरलो आणि बाबांची पेन्सिल थांबली. उत्तरेला जाऊन दक्षिणेला आलं तर भलतीच जागा. चार वळणं घेतली तरी फेर मिळेना. मी सांगितलं की बाबा, हे मुद्दाम केलेलं असतं, आत प्रत्येक खोलीला नंबर असतो आणि उत्तरेच्या दारापुढे कुठलाही नंबर टाकता येतो, तो नकाशात खरंच उत्तरेला असायची गरज नाही. त्यांना ते पटलं नाही. पटलं नाही म्हणजे समजलं, पण आवडलं नाही. "हद्द खोटी लिहिलीय मग," म्हणाले.

मग म्हणाले, "आधी खुणा रोव. खुणा रोवल्याशिवाय मोजणी सुरू करायची नसते." आमच्याकडे खुणेचे दगड कुठले? बेकरीतून पाव घेतले आणि प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत निघालो, पहिल्यात पाव, दुसऱ्यात मशाल, तिसऱ्यात रिकामी पिशवी. पुन्हा त्याच खोलीत आलो की वस्तूवरून कळायचं. भुलभुलैया सोडवण्याची ही युक्ती 'अ‍ॅडव्हेंचर'च्या काळापासून जगभरच्या पोरांनी वापरली आहे, हे मला नंतर कळलं. बाबांना ती कुणी सांगितली नव्हती. शहरात आधी हाच प्रयोग केला होता तेव्हा मात्र वस्तू गायब व्हायच्या. तिथे एक झाडूवाला फिरत असतो, पडलेलं सगळं उचलतो. बाबा हसून म्हणाले, "हा शेजारचा गटवाला दिसतो, रात्रीतून खुणा उपटतोय." त्यानंतर ते त्या झाडूवाल्याला पारनेरच्या एका खातेदाराच्या नावाने हाक मारायचे. नाव लिहीत नाही. ती मंडळी अजून बांध कोरतायत.

नगरात मोजणीचा विषय निघाला की तो मलिक अंबरपर्यंत जातोच. १६२६ साली गेलेला हा निजामशाहीचा वजीर, हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि दख्खनच्या जमिनीची लावलेली त्याची घडी पुढे कितीतरी वर्षं नावाजली गेली. बाबा त्याला ऑफिसातला वरिष्ठ असल्यासारखं बोलायचे. त्यांनीच सुचवलं, की दुसऱ्यांची गावं काय मोजतोस, आपलं नगर लिही की ह्यात.

डिकूत ते करता यायचं. साधी टेक्स्ट फाईल. खोलीचा नंबर, नाव, वर्णन, मग डी-शून्य म्हणजे उत्तर, डी-एक पूर्व, डी-दोन दक्षिण, डी-तीन पश्चिम आणि प्रत्येकापुढे जिथे पोचायचं त्या खोलीचा नंबर. आम्ही चाळीस खोल्या ठरवल्या. दिल्ली दरवाजा, चितळे रोड, कापडबाजार, माळीवाडा, भुईकोट किल्ला आणि खंदक, फराहबाग, आणि डोंगरावर चांदबीबीचा महाल. (तो चांदबीबीचा नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे बाबांनी वर्णनात लिहायला लावलं.) किल्ल्याला सर्वात जास्त वेळ लागला. तो जवळजवळ गोल, आणि आपल्याकडे दिशा चारच.

खरी अडचण भाषेची आली. मराठी लिहायची सोयच नव्हती. पुण्यात सीडॅकने देवनागरीची कार्डं काढली होती, भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाणही १९९१ मध्ये आलं होतं, पण ती अक्षरं आठव्या बिटावर उभी होती आणि डिकू साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडचं काहीही गाळून टाकायचं. म्हणजे नगर लिहायचं ते इंग्रजीत. वेशीला गेट म्हटलं. ओसरीला व्हरांडा म्हटलं. बाबा डिक्शनरी उलटीपालटी करत राहिले आणि एका रात्री म्हणाले, "ह्याला काही अर्थ नाही. हे गाव मला ओळखू येत नाही." तरी चाळीसातल्या एकतीस खोल्या झाल्या.

भाषेचीच आणखी एक आठवण. एकदा बाजारचौकात दोन जण लढत होते, एकाचा वार चुकला आणि त्याने रोमन लिपीत टाईप केलं, "आयला". मी ताबडतोब विचारलं, "कुठला तू?" ज्या जगात कुणी गाव विचारत नाही म्हणून मला बरं वाटायचं, तिथे पहिला मराठी माणूस भेटल्यावर मी विचारलं काय, तर गाव! तो श्रीरामपूरचा निघाला. अमेरिकेत एम.एस. करत होता, तिथे भर दुपारी लॅबमध्ये बसून खेळायचा. आडनाव मात्र मी विचारलं नाही, त्यानेही नाही. त्यानंतर बहुतेक रात्री तो असायचा. "जेवलास का" हे पहिलं वाक्य. आमची लाईन फार तुटायची, आणि लढाईच्या मध्यात तुटली तर आपलं पात्र तिथेच मुकं उभं राहून मार खातं. तो माझ्या पात्रापुढे उभा राहायचा, मी परत जोडेपर्यंत. एकदा बाबा शेजारी असताना असं झालं. परत आलो तर श्रीरामपूरकर मरता मरता वाचलेला. बाबांनी मला टाईप करायला लावलं, "उपकार झाले." त्याने उलट लिहिलं, "काका, काय हे!"

१९९९ च्या उन्हाळ्यात एका रात्री जोडायला गेलो तर पलीकडून जोडणीच नाकारली गेली. दुसऱ्या दिवशी तेच, आठवड्याने तेच. बहुतेक कोणाची तरी पदवी पूर्ण झाली आणि मशीन काढून घेतलं. पोरांच्या हौसेवर चालणारी बहुतेक मडं अशीच गेली, निरोप न देता. आमच्या एकतीस खोल्या मी तिथेच चढवून ठेवल्या होत्या, आणि माझ्याकडची फ्लॉपी पुढच्या पावसाळ्यात बुरशी लागून गेली. त्याच साली एव्हरक्वेस्ट आलं, मडसारखंच पण चित्रांचं. ते इतकं डिकूसारखं होतं की आमचा कोड वापरलेला नाही असं त्याच्या प्रोग्रॅमर मंडळींना २००० मध्ये प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागलं. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे, लाखो लोकांचा आणि अब्जावधी डॉलरचा. अक्षरांची काही मडं मात्र अजून चालू आहेत. आर्डवुल्फ आहे, डिस्कवर्ल्ड आहे. मी अधूनमधून डोकावतो.

बाबा २०११ मध्ये गेले. नकाशा त्यांनी ठेवला असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. शहर शाईने पक्कं केलंय, पश्चिमेचं जंगल हिरव्या पेन्सिलीने. भुलभुलैयाच्या सतरा खोल्या आहेत, प्रत्येकीत बारीक अक्षरात 'पाव', 'मशाल', 'पिशवी', आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा एकमेकींना छेदत गेलेल्या. त्यावर शेरा, 'उत्तर दिशा विश्वसनीय नाही.' खाली उजव्या कोपऱ्यात सही, तारीख आणि 'मोजणी अपूर्ण'. मागच्या बाजूला पाथर्डी तालुक्यातलं कुठलंसं शिवार आहे.

स्कॅन करायला दुकानात नेला होता, पण कागद त्यांच्या मशीनपेक्षा रुंद निघाला आणि घडीवर फाटायला आलाय. कोणी चांगला माणूस माहीत असेल तर सांगा. आणि श्रीरामपूरकर, हे तुझ्या वाचनात आलंच तर कळव. तुझी ढाल माझ्याकडे राहिली होती.